शिरोलीत महोत्सव करायचाय? आधी वही काढा

कोल्हापूरच्या पोरापोरींना कार्यक्रम करायला शिकवावं लागत नाही, असं आपण छाती ठोकून सांगतो. बऱ्याच अंशी ते खरंही आहे. शाळेत असल्यापासून तुम्ही तालमीच्या नाहीतर मंडळाच्या मंडपात वावरलाय. पावतीपुस्तक घेऊन दारोदार फिरलाय. तांत्रिक देखाव्यात पडद्यामागं बसून दोऱ्या ओढल्यात, सजीव देखाव्यात मावळा होऊन तासन् तास उभे राहिलाय. मिरवणुकीत ट्रॅक्टर कुठल्या वळणावर अडकणार, जनरेटरचं डिझेल किती वाजता संपणार, हे तुम्हाला न सांगता कळतं. मग शंभर-दीडशे लोकांसाठी दोन दिवसांचा छोटासा कला महोत्सव करायचा, त्यात काय एवढं?

आहे. बरंच आहे. गणपतीची तारीख पंचांगात ठरलेली असते. लोक येणारच असतात. वर्गणी देणाऱ्याला ‘कशासाठी’ हे सांगावं लागत नाही. महोत्सवाला यातलं काहीच आयतं मिळत नाही. तारीख तुम्ही ठरवायची, प्रेक्षक तुम्ही आणायचा आणि एखाद्या कारखानदारासमोर बसून ‘हे आम्ही का करतोय’ हेसुद्धा तुम्हीच सांगायचं. मंडपातला अनुभव उपयोगी पडतो, पण तो अर्ध्या वाटेपर्यंत. उरलेली वाट वहीत आहे.

आता तुम्ही म्हणाल, करायचाच तर शहरात करू, शिरोली एमआयडीसीत कशाला? सवयीनं आपलं बोट पंचगंगेच्या पुलाअलीकडं वळतं, हे खरं. कोल्हापुरात परंपरा मोठी. गायन समाज देवल क्लब १८८३ पासून आहे. शाहू महाराजांनी बांधलेलं पॅलेस थिएटर १९१५ सालचं. त्याचंच पुढं केशवराव भोसले नाट्यगृह झालं. ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री ते जळालं. दुसऱ्या दिवशी केशवरावांची जयंती होती. त्या रात्रीनंतर शहरातल्या हौशी कलाकारांपुढं ‘आता प्रयोग कुठं करायचा?’ हा प्रश्न उभा राहिला. जागेसाठी थोडं लांब बघायला शिकण्याचं ते एक कारण झालं.

पण दुसरं कारण मला जास्त महत्त्वाचं वाटतं. सांगली फाट्यावरून आत वळा. भट्ट्या, मोल्डिंग, फेटलिंग, मशीनशॉप, डिस्पॅचला उभे ट्रक. इथलं ओतकाम देशभरातल्या गाड्यांमध्ये बसतं. इथं हजारो माणसं रोज येतात, त्यातली बरीच पुलाची शिरोली, नागाव, टोप या गावांतली, आणि बरीच बिहार, उत्तर प्रदेश, ओडिशातून आलेली. या माणसांसाठी संध्याकाळी काय आहे? मोबाईल. तुमच्यातल्या अनेकांचे वडील, काका, भाऊ इथंच कामाला आहेत. तुम्ही स्वतः आयटीआय किंवा डिप्लोमा करून इथंच अप्रेंटिस होणार असाल. शिरोलीत महोत्सव करून राजारामपुरीतले शंभर लोक गाड्या काढून आले, त्यांनी फोटो काढले आणि गेले, तर ती सहल झाली. शिफ्ट सुटल्यावर डबा हातात असलेला माणूस आत येऊन बसला पाहिजे. तुमची सगळी आखणी या एका माणसाभोवती करायची.

आणि हे ठरवलं की बाकीचे निर्णय आपोआप बदलायला लागतात.

पहिली गोष्ट वेळेची. कॉलेजच्या कार्यक्रमाची वेळ आपण पाहुण्यांच्या सोयीनं ठरवतो. इथं ती शिफ्टच्या भोंग्यावर ठरणार. चार-पाच कारखान्यांच्या गेटवर जा आणि टाइम ऑफिसमध्ये विचारा : शिफ्ट कधी बदलते, साप्ताहिक सुट्टी कुठल्या वारी, पगार कोणत्या तारखेला, ओव्हरटाइम कधी जास्त असतो. सगळीकडं उत्तर एकसारखं येणार नाही. ते एका कागदावर मांडा आणि ज्या दोन तासांत सर्वांत जास्त माणसं मोकळी असतील, ते दोन तास पकडा. याला मोठ्या शहरातले लोक ‘ऑडियन्स रिसर्च’ म्हणतात. तुम्ही गेटवर चहा पीत करा, तेवढाच खरा होतो. जाताना वॉचमनकाकांशी नीट ओळख करून घ्या. पोस्टर कुठं लावलं तर वाचलं जातं हे एचआरच्या साहेबापेक्षा त्यांना जास्त ठाऊक असतं.

महिना निवडताना पाणी विसरू नका. ऑगस्ट २०१९ आणि जुलै २०२१ मध्ये याच शिरोलीजवळ महामार्गावर पंचगंगेचं पाणी आलं आणि पुणे-बंगळूर रस्ता काही दिवस बंद राहिला. पावसाळ्यात तारीख धरून कलाकाराला शब्द देणं म्हणजे जुगार. डिसेंबर-जानेवारी बरा. तेव्हा परीक्षा आहेत म्हणाल, तर आहेत. वेळापत्रक समोर ठेवूनच तारीख काढा. आणि शेवटची केएमटी किती वाजता सुटते ते आधी बघा. टीममधल्या मुली घरी कशा जाणार, हा प्रश्न दहा वाजता निघाला तर त्याचं उत्तर कुणाच्या तरी वडिलांना गाडी घेऊन बोलावणं एवढंच उरतं, आणि पुढच्या वर्षी त्या मुलीला घरून परवानगी मिळत नाही. कार्यक्रम नऊला संपवा.

जागेच्या बाबतीत एक मोह होतो. बंद शेड, उंच छत, लोखंडी ट्रस, भिंतीवर काजळी... रील काय भारी होईल! पण चालू कारखान्याच्या आत प्रेक्षक नेण्याचा विचार सोडा. तिथं सुरक्षेचे नियम आहेत आणि ते उगीच नाहीत. असोसिएशनचा हॉल, शाळेचं पटांगण, गावातलं देवळापुढचं आवार, हे बघा. रिकामी शेड मिळालीच तर मालकाची लेखी संमती घ्या, दोन बाजूंनी बाहेर पडायची वाट आहे का बघा आणि आगीची साधनं चालतात का तपासा.

मग आवाज. आपल्याकडं ‘साउंड’ म्हटलं की डॉल्बी. ध्वनिप्रदूषणाचे २००० सालचे नियम सांगतात, की औद्योगिक क्षेत्रात दिवसा ७५ आणि रात्री ७० डेसिबलची मर्यादा आहे, निवासी भागात ती ५५ आणि ४५. रात्र म्हणजे दहा ते सकाळी सहा, आणि त्या वेळेत उघड्यावर लाउडस्पीकर बंद. म्हणजे एमआयडीसीच्या हद्दीत तुम्हाला थोडी मोकळीक आहे, पण दोनशे मीटरवर गावातली घरं सुरू झाली की हिशोब बदलला. शाळेचं पटांगण जाहीर शांतता क्षेत्रात येत असेल तर दिवसाची मर्यादा ५० च. तसंही एकांकिकेला आणि गाण्याला डॉल्बी लागत नाही. शब्द शेवटच्या रांगेत स्पष्ट पोचतो का, एवढंच बघायचं. भट्टीच्या आवाजात आठ तास काढून आलेल्या माणसाला पुन्हा तेच ऐकवण्यात काय मजा!

लाइटचं गणित मात्र तुमच्यातल्या इलेक्ट्रिकलच्या पोरांच्या हातात द्या. जुना पार कॅन १००० वॅटचा. असे वीस लावले की २० किलोवॅट झाले. शाळेच्या वायरिंगवर हे जोडलं तर पहिल्या प्रवेशातच अंधार. एलईडी घ्या, लोड कागदावर मांडा, गरज असेल तर महावितरणकडून तात्पुरतं कनेक्शन घ्या, आणि अर्थिंग नीट झालंय याची खात्री करून घ्या.

गॅदरिंग वेगळं, महोत्सव वेगळा

इथं बहुतेक विद्यार्थी फसतात, म्हणून जरा थांबून सांगतो. कॉलेजच्या गॅदरिंगमध्ये तुम्ही कुणाचंही नाटक केलं तरी सहसा कुणी काही विचारत नाही. कारण कॉपीराइट कायद्यातच तशी सवलत आहे : शिक्षणसंस्थेच्या उपक्रमात तिथल्याच विद्यार्थी-शिक्षकांनी केलेलं सादरीकरण, संस्थेतले लोक आणि पालकांपुढं, चालतं. तुम्ही दार सगळ्यांसाठी उघडलंत, तिकीट लावलंत, बाहेरचा संघ बोलावलात, की या सवलतीवर विसंबता येत नाही. मग लेखकाची लेखी परवानगी हवी आणि त्याचं मानधनही. लेखक हयात नसेल तर त्याच्या मृत्यूनंतर ६० वर्षं हक्क वारसांकडं असतात. रेकॉर्डेड गाणी वाजवणार असाल तर त्याचा परवाना वेगळा. महाराष्ट्रात नाटकाचा जाहीर प्रयोग करायचा तर संहिता रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाकडून तपासून प्रमाणपत्र घ्यावं लागतं. ज्या संघाला बोलावताय त्याच्याकडं ते आहे का, हे निमंत्रणाच्या वेळीच विचारा. बरेच संघ स्पर्धांसाठी आधीच घेऊन ठेवतात.

मग ग्रामपंचायत, पोलीस ठाणं, जागामालक. अर्ज दोन प्रतींत न्या, एका प्रतीवर पोचीचा शिक्का घ्या, ती प्रत फाइलला लावा. कार्यक्रमाच्या संध्याकाळी ती फाइल एकाच माणसाच्या काखेत असली पाहिजे आणि तो माणूस स्टेजवर नाचणारा नसावा. तिकिटाची भीती बाळगू नका. नाटक, संगीत, नृत्याचं तिकीट माणशी ५०० रुपयांपर्यंत असेल तर त्यावर जीएसटी नाही. तुमचं पन्नास रुपयांच्या वर जायला नकोच.

आता पैसे

वही काढा म्हटलं होतं ती यासाठी. खालचे आकडे समजण्यापुरते आहेत, खरे दर तुम्ही तीन ठिकाणची कोटेशनं घेऊन भरा. समजा, दोन संध्याकाळी, चार सादरीकरणं. प्रत्येकी ६,००० रुपये मानधन, झाले २४,०००. साउंड-लाइट एका दिवसाचे ७,०००, म्हणजे १४,०००. मंडप-खुर्च्या ६,०००. प्रवास आणि जेवण ८,०००. परवाने, छपाई ३,०००. आणि ‘काहीतरी होणारच’ म्हणून ५,०००. बेरीज ६०,०००. जमेच्या बाजूला दोन दिवसांची मिळून दोनशे तिकिटं, पन्नासप्रमाणे १०,०००. सात कारखान्यांकडून पाच-पाच हजार, ३५,०००. एकूण ४५,०००. पंधरा हजारांचा खड्डा.

या क्षणी खोलीत जे घडतं ते ऐकण्यासारखं असतं. कुणीतरी म्हणतं, ‘कलाकारांना सांगूया की, आपलीच पोरं हायत, प्लॅटफॉर्म मिळतोय, फुकट करतील.’ सगळे माना डोलावतात. मंडपवाल्याला कुणी ‘प्लॅटफॉर्म मिळतोय’ म्हणत नाही, डिझेलवाल्याला तर नाहीच. कापायची पहिली ओळ नेहमी कलाकाराची. महोत्सव ज्याच्यासाठी चाललाय तोच एकटा त्यात उधारीवर! आणि गंमत म्हणजे उद्या तुम्हीच कलाकार म्हणून दुसऱ्या गावी जाल तेव्हा तिथंही तुमची ओळ अशीच कापली जाणार.

तेव्हा मानधनाच्या आकड्यावर पेनच नेऊ नका. दुसरीकडं बघा. चारऐवजी तीन सादरीकरणं ठेवा, ६,००० वाचले. ज्यांना बोलावलंय त्यांना पूर्ण मिळतात. एक सत्र संध्याकाळऐवजी सकाळी घ्या. त्या दिवसाच्या सात हजारांतले लाइटचे समजा ४,००० वाचले. जेवण कुणाच्या कॅन्टीनला, कुणाच्या घरच्या भाकरी-पिठल्यावर वाटून घ्या, आणखी ५,०००. झाले पंधरा. आणि त्या शेवटच्या पाच हजारांना हात लावू नका, ते लागतातच.

सकाळच्या सत्राची कल्पना माझी नाही. कोल्हापुरातच ती वर्षानुवर्षं चालू आहे. ‘रंगबहार’ ही कलाकारांची संस्था टाऊन हॉलच्या बागेत ‘मैफल रंगसुरांची’ भरवते, आबालाल रहेमान आणि विश्वनाथ नागेशकर यांच्या आठवणीत. झाडांखाली चित्रकार रंगवत बसलेले, शिल्पकार मातीत हात घालून, आणि शेजारी गाणं चाललेलं. बघणारे मधूनच येतात, एखाद्या चित्राशी रेंगाळतात, पुढं सरकतात. जो तरुण पहिल्यांदाच चित्र तयार होताना बघतो, तो तिथंच अर्धा तास खिळतो. यंदा गेलात तर फक्त चित्रं बघून परत येऊ नका. माइक कुठं ठेवलाय, चित्रकारांमध्ये अंतर किती, सावली कुठल्या वेळी कुठं सरकते, पाणी कोण देतंय, आभाराला किती मिनिटं गेली, हे टिपून घ्या. छोटा महोत्सव कसा बांधायचा याचं आपल्या गावातलं याहून चांगलं पाठ्यपुस्तक मला दिसत नाही.

मोठ्यांकडूनही शिकता येतं. आयआयटी मुंबईचा मूड इंडिगो १९७१ पासून आणि झेवियर्सचा मल्हार १९७९ पासून विद्यार्थीच चालवतात. पुण्यात पुरुषोत्तम करंडक १९६३ चा, फिरोदिया १९७४ चा. भीमसेन जोशींनी गुरूंच्या आठवणीत १९५३ मध्ये सुरू केलेला सवाई गंधर्व महोत्सव आज केवढा झालाय, बघताच आहात. घाट उतरून पणजीला गेलात तर डिसेंबरात सेरेंडिपिटी भरतो, २०१६ पासून. जमलं तर एक वर्ष अशा ठिकाणी स्वयंसेवक म्हणून राबून या. मात्र तिथला आराखडा उचलून शिरोलीत आणू नका. त्यांचा एका दिवसाचा बॅनरखर्च म्हणजे तुमची सात वर्षं.

पुन्हा आपल्या सात कारखान्यांकडं. ‘सीएसआरमधून द्या’ म्हणत आत शिरू नका. कायद्यानं सीएसआर बंधनकारक होतं ते मोठ्या कंपन्यांना : निव्वळ नफा ५ कोटी, उलाढाल १००० कोटी किंवा नेटवर्थ ५०० कोटी, यातलं एक असेल तर तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या २ टक्के. शिरोलीतल्या अनेक छोट्या युनिटना हे लागूच होत नाही. ज्यांना होतं, त्यांनाही ते पैसे नोंदणी केलेल्या संस्थेमार्फतच देता येतात, आणि बॅनरवर नाव झळकवून केलेली जाहिरात त्यात धरत नाहीत. तुमच्या ग्रुपकडं नोंदणी नसणार. तेव्हा सरळ जाहिरातीचे म्हणून मागा, पावती द्या आणि पैसे कॉलेजच्या किंवा एखाद्या जुन्या संस्थेच्या खात्यात जमा करा, कुणाच्या जीपेवर नको. जाहिरात सोडून नुसत्या देणग्या, वर्गणी गोळा करणार असाल तर धर्मादाय कार्यालयात आधी विचारून घ्या. गणेश मंडळांनाही तात्पुरती परवानगी काढावीच लागते.

पैशापेक्षा वस्तू मागितल्या तर कारखानदार लवकर हसतो, असा माझा अंदाज आहे. पॅटर्नशॉपमधल्या सुताराचे दोन दिवस, पॅकिंगच्या फळ्या, कॅन्टीनची भांडी, सामान आणायला टेम्पो. आणि रिजेक्शनचं कास्टिंग! ओतताना फसलेला जॉब, कडा वितळलेल्या, भोकं पडलेली. कलाशाखेच्या मुलांना शिल्पासाठी याहून देखणा माल मिळायचा नाही. पण तो कचरा नव्हे, पुन्हा भट्टीत जाणारा माल आहे, त्याला वजनाची किंमत असते. तेव्हा फुकट मागू नका. रिटर्नेबल गेट पासवर मागा. आठवड्यासाठी घेतला, प्रदर्शन झालं, तेवढ्याच वजनाचा परत केला. ज्यानं तो जॉब ओतला त्या माणसाला आधी बोलवा आणि शिल्पाशेजारच्या पाटीवर, त्याला चालत असेल तर, त्याचंही नाव लावा. मग बघा, त्याच्याबरोबर अख्खी शिफ्ट येते का नाही ती.

कार्यक्रमात काय असावं याबद्दल मी फार बोलणार नाही, ते तुमचं. एवढंच, की बाहेरून आलेल्या कामगारांमध्ये गाणारे, वाजवणारे असतातच. त्यांच्या खोल्यांवर जाऊन विचारा. भोजपुरी गाणारा एखादा मोल्डर आणि शाहिरी गाणारा पोरगा एका संध्याकाळी एकाच माइकवर, हे शहरातल्या कुठल्या सभागृहात मिळणार? त्याचंही मानधन बाकीच्यांइतकंच लिहा.

प्रत्यक्ष दिवशी सगळ्यात महत्त्वाचा माणूस म्हणजे स्टेज मॅनेजर, आणि आपल्याकडं या कामाला कुणी तयार नसतं, कारण त्याचा फोटो येत नाही. त्याच्या हातात मिनिटांचा कागद असतो : ६.१० ला दुसरी घंटा, ६.१५ ला तिसरी, ६.१६ ला अंधार. फाउंड्रीत हे काम कसं चालतं ते जाऊन बघा. लेडलमध्ये लोखंड आलं की साचा तयार पाहिजे. वितळलेलं लोखंड उद्घाटनाच्या पाहुण्यांसाठी थांबत नाही. तिसरी घंटा झाली की पडदा गेलाच पाहिजे, मग पहिल्या रांगेतली खुर्ची रिकामी असली तरी. सत्काराचे नारळ-शाली तर पार शेवटी ठेवा, तेही तीन मिनिटांत. ज्याला पुढच्या शिफ्टला जायचंय त्याच्या वेळेतून तुम्ही शाली वाटताय, हे ध्यानात असू दे.

आणि कामं वाटताना ‘सगळे मिळून करू’ म्हणू नका. सगळ्यांचं काम म्हणजे कुणाचंच नाही. तिकिटाच्या टेबलावर दोघं, कलाकारांच्या चहा-जेवणाला एक, पाण्याला एक, लाइटला एक, गेटवर एक. प्रत्येकाचं नाव आणि मोबाईल नंबर कागदावर, तो कागद विंगेत चिकटवलेला.

पाहुणे गेल्यावर रात्री दहाला उरतात त्या खुर्च्या. मोजून घेतल्या होत्या, मोजून परत द्यायच्या. मानधनाची पाकिटं कलाकार गाडीत बसायच्या आधी त्यांच्या हातात, सही घेऊन. वायरमनचं बिल दुसऱ्या दिवशी. आठवड्यात कास्टिंग वजन करून परत, गेट पासवर शिक्का. पंधरा दिवसांत एका पानावर जमाखर्च : कुणाकडून किती आले, कुठं गेले, किती उरले, आणि कमी पडले असतील तर तेही. त्याच्या सात प्रती काढा आणि ज्या सात दारांतून पैसे आणले त्या प्रत्येक दारात स्वतः नेऊन द्या. वॉचमनकाकांना विचारा, कसं वाटलं. ते काय म्हणतात ते वहीच्या शेवटच्या पानावर लिहून ठेवा. पुढच्या वर्षीची पहिली मीटिंग तिथूनच सुरू करायची.